स्मृतिभ्रंशातील पूरक व समग्र उपचारपद्धती

स्मृतिभ्रंश, म्हणजेच डिमेन्शिया, हा मेंदूच्या अनेक विकारांतून उद्भवणारा लक्षणसमूह आहे. स्मरण, भाषा, निर्णयशक्ती, दिशाज्ञान आणि रोजचे व्यवहार पार पाडण्याची क्षमता त्यात क्रमाक्रमाने उणावत जाते. एकूण रुग्णांपैकी ६० ते ७० टक्के रुग्णांत अल्झायमरचा आजार हे त्याचे कारण असते. त्याखालोखाल मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या विकारांतून होणारा स्मृतिभ्रंश येतो. यांतील बहुतेक प्रकार पूर्ण बरे करणारे औषध अद्याप उपलब्ध नाही. त्यामुळे आयुर्वेदिक रसायने, योग, संगीत, आहार, आठवणींवर आधारित उपक्रम अशा उपायांकडे कुटुंबे मोठ्या प्रमाणावर वळतात. त्यांपैकी कोणता उपाय कशासाठी उपयोगी ठरतो आणि कशासाठी ठरत नाही, याची माहिती या लेखात प्रामुख्याने नागपूर, महाराष्ट्र व गोवा यांच्या संदर्भाने दिली आहे.

अशा उपायांविषयी बोलताना दोन शब्दांत भेद करणे आवश्यक असते. डॉक्टरांच्या उपचारांसोबत जे केले जाते ते 'पूरक', आणि ते उपचार बाजूला सारून त्यांच्या जागी जे केले जाते ते 'पर्यायी'. सायंकाळी घरी भजन लावणे पूरक आहे. रक्तदाबाची गोळी थांबवून केवळ काढा सुरू करणे पर्यायी आहे. बाजारातील जाहिराती हा भेद सहसा पाळत नाहीत. 'समग्र' हा तिसरा शब्द रुग्णाबरोबर त्याचे घर, सवयी, नाती आणि त्याची काळजी घेणारी व्यक्ती यांचाही एकत्र विचार करणाऱ्या दृष्टीसाठी वापरला जातो.

नाव आणि समजूत

'स्मृतिभ्रंश' हा शब्द मराठीत वैद्यकातून आलेला वाटला तरी तो फार जुना आहे. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ६३व्या श्लोकात तो येतो. मात्र तेथे त्याचा अर्थ क्रोध व मोहामुळे विवेकाची आठवण सुटणे असा आहे, वार्धक्यातील रोग असा नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात धी, धृती आणि स्मृती यांच्या भ्रंशाची चर्चा 'प्रज्ञापराध' या संकल्पनेच्या अंगाने केलेली आहे. तिचाही आजच्या निदानाशी थेट मेळ बसत नाही. जुन्या ग्रंथात शब्द सापडला म्हणजे रोगही तोच, असे मानण्याची चूक लोकप्रिय लेखनात वारंवार होते.

बोलीभाषेत या अवस्थेला 'म्हातारचळ' म्हटले जाते, आणि 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण तर सर्वश्रुत आहे. या म्हणीने नुकसानही पुष्कळ केले आहे. विसरणे हा वयाचाच भाग मानला गेल्याने रुग्ण डॉक्टरांपर्यंत उशिरा पोहोचतो. चष्मा कोठे ठेवला हे विसरणे वयोमानाने स्वाभाविक आहे. चष्मा कशासाठी असतो हे न उमगणे, नेहमीच्या रस्त्यावर वाट चुकणे, आयुष्यभर केलेल्या स्वयंपाकाचा क्रम हरवणे ही मात्र रोगाची लक्षणे असू शकतात.

जर्मन मनोविकारतज्ज्ञ आलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली एका स्त्रीरुग्णाच्या मेंदूतील बदलांचे वर्णन ट्युबिंगन येथील सभेत मांडले. त्या स्त्रीची लक्षणे पन्नाशीच्या आसपासच सुरू झाली होती. म्हणजे या रोगाची पहिली नोंदही केवळ वार्धक्याची नव्हती.

भारतातील व्याप्ती

भारतातील ज्येष्ठ नागरिकांच्या एका व्यापक सर्वेक्षणावर आधारित आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार ६० वर्षांवरील ७.४ टक्के व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. ही संख्या सुमारे ८८ लाख होते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात प्रमाण अधिक आढळले. याच्या कारणांत शिक्षणाचा अभाव महत्त्वाचा मानला जातो. ज्या पिढीतील मुलींना शाळेचे तोंड पाहता आले नाही, तीच पिढी आज सत्तरी-ऐंशीत आहे.

आधी निदान

कोणताही पूरक उपाय सुरू करण्यापूर्वी निदान होणे आवश्यक असते. याचे कारण व्यावहारिक आहे. विस्मरणाची काही कारणे उपचारांनी दूर होऊ शकतात किंवा बरीच सुधारतात: ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड ग्रंथीची मंद क्रिया, नैराश्य, डोक्याला मार लागून मेंदूच्या आवरणाखाली साकळलेले रक्त, मेंदूतील पोकळ्यांत साठलेले पाणी, झोपेच्या वा ॲलर्जीच्या काही गोळ्यांचा दुष्परिणाम. यांपैकी ब-१२ची बाब महाराष्ट्रात विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. पुण्यातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ४४१ पुरुषांच्या केलेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे दोन-तृतीयांश व्यक्तींत ब-१२ची पातळी कमी आढळली होती; शाकाहाराशी तिचा संबंध स्पष्ट होता. एका साध्या रक्ततपासणीने जे कळले असते, ते कळण्याआधी वर्षभर ब्राह्मीच्या गोळ्या दिल्या गेल्या, तर तेवढ्या काळात झालेली मज्जातंतूंची हानी सर्वस्वी भरून येईलच असे नसते.

निदानाच्या चाचण्यांत भाषा व शिक्षण यांचा प्रश्न असतो. वाक्य लिहा, आकृती काढा, शंभरातून सात वजा करत जा, अशा सूचना निरक्षर व्यक्तीला अन्यायकारक ठरतात. म्हणून हरियाणातील बल्लभगड भागातील निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी १९९०च्या दशकात हिंदी चाचणी घडवण्यात आली. नागपुरात हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. येथील अनेक ज्येष्ठ घरी वऱ्हाडी, हलबी, तेलुगू किंवा सिंधी बोलत आले, शाळेत मराठी शिकले आणि बाजारात व कचेरीत हिंदी वापरत राहिले. रोग वाढतो तसे नंतर शिकलेली भाषा आधी विरते आणि बालपणीची भाषा अधिक काळ टिकते, असे अनेक रुग्णांत दिसते. ज्या सुनेला सासूची माहेरची बोली येत नाही, तिला सासू अकारण हट्टी झाल्यासारखी वाटू शकते.

बहुभाषिकतेची दुसरी बाजू आशादायक आहे. हैदराबाद येथे डॉ. सुवर्णा अल्लाडी यांच्या नेतृत्वाखाली ६४८ रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास झाला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार दोन वा अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची लक्षणे एकभाषिकांच्या तुलनेत सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाली होती, आणि हा फरक निरक्षरांतही दिसला. चौकात उभ्याउभ्या तीन भाषांत भाजीचा भाव करणाऱ्या शहराला याचा अभिमान वाटण्यास हरकत नाही. मात्र म्हातारपणी नवी भाषा शिकल्याने रोग टळतो, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

आयुर्वेदातील मेध्य रसायने

बुद्धी व स्मरण यांना हितकर मानल्या गेलेल्या द्रव्यांना आयुर्वेदात 'मेध्य' म्हणतात. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात चार मेध्य रसायने सांगितली आहेत: मंडूकपर्णीचा स्वरस, दुधाबरोबर यष्टीमधाचे चूर्ण, गुळवेलीचा स्वरस आणि शंखपुष्पीचा कल्क. यांत शंखपुष्पी विशेष मानली आहे. या चौघांत ब्राह्मीचे नाव नाही, याचे आजच्या ग्राहकाला आश्चर्य वाटेल. ब्राह्मीचे गुणवर्णन संहितांत अन्यत्र येते.

या वनस्पतींच्या ओळखीतच घोटाळा आहे. शास्त्रीय परंपरेत ब्राह्मी म्हणजे पाणथळ जागी वाढणारी, जाड लहान पानांची बाकोपा मोनिएरी. परंतु महाराष्ट्रात बेडकाच्या पावलासारख्या गोल पानांच्या मंडूकपर्णीलाच सर्रास ब्राह्मी म्हटले जाते आणि तीच कुंड्यांत लावली जाते. शंखपुष्पीच्या नावाने उत्तर भारतात एक वनस्पती, दुसरीकडे विष्णुक्रांता आणि केरळात गोकर्ण वापरली जाते. त्यामुळे 'शंखपुष्पीवर संशोधन झाले आहे' असे वाक्य वाचताना कोणत्या वनस्पतीवर, हा प्रश्न विचारावा लागतो. एका वनस्पतीवरील प्रयोगाचा आधार दुसरीच वनस्पती असलेल्या बाटलीला लागू होत नाही.

बाकोपावर मानवी प्रयोग झाले आहेत. निरोगी प्रौढ व वृद्धांना सुमारे बारा आठवडे अर्क दिल्यावर काही स्मरणचाचण्यांत मर्यादित सुधारणा आढळली आहे. हे प्रयोग लहान होते, आणि निरोगी व्यक्तीची शब्दयादी लक्षात ठेवण्याची क्षमता किंचित वाढणे व स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची घसरण थांबणे या फार वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या गोष्टीचा विश्वासार्ह पुरावा अद्याप मिळालेला नाही. अश्वगंधेबाबतही स्थिती अशीच आहे.

वनस्पतिजन्य म्हणजे निर्धोक, हा समज या चार रसायनांच्या बाबतीतच तपासून पाहता येतो. यष्टीमध दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो व रक्तातील पोटॅशियम घटते. ज्या रुग्णाचा स्मृतिभ्रंश मुळात रक्तदाबामुळे मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब होऊन झाला आहे, त्याला हेच रसायन अपाय करू शकते. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांचा अहवाल मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाने त्यातील निष्कर्ष अमान्य केला, आणि वनस्पतीच्या नेमक्या ओळखीचा मुद्दा तेथेही उपस्थित झाला. धातूंची भस्मे असलेल्या औषधांबाबत अधिक सावधगिरी आवश्यक आहे. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत इंटरनेटवरून विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे एक-पंचमांश उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. शिसे तर स्वतःच बुद्धीला मारक आहे.

शिरोधारा, अभ्यंग, नस्य या क्रियांपैकी अभ्यंगाने, म्हणजे तेलाच्या हलक्या मालिशने, अस्वस्थ रुग्ण शांत होतो असा अनेक कुटुंबांचा अनुभव आहे, आणि स्पर्शाचे महत्त्व पाहता तो समजण्याजोगा आहे. शिरोधारेसारख्या क्रियेत मात्र काय चालले आहे हे न कळल्याने रुग्ण घाबरूही शकतो. नागपुरात सक्करदरा भागातील शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आणि हनुमाननगरातील श्री आयुर्वेद महाविद्यालय येथे शिक्षित वैद्यांचा सल्ला मिळू शकतो. दोन्ही पद्धतींच्या चिकित्सकांना एकमेकांच्या औषधांची यादी दाखवणे हा सर्वांत साधा आणि सर्वांत कमी पाळला जाणारा नियम आहे.

हळद, गिंको आणि इतर दावे

विदर्भाला हळदीचे कौतुक असणे स्वाभाविक आहे. वर्धा जिल्ह्यातील वायगाव हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले असून तिच्यातील कुरकुमिनच्या अधिक प्रमाणासाठी ती ओळखली जाते. बल्लभगड भागात अल्झायमरचे प्रमाण फार कमी आढळल्याचे २००१ साली प्रसिद्ध झाल्यावर त्याचे श्रेय अनेकांनी हळदीला दिले. त्या अभ्यासाने तसे सिद्ध केले नव्हते. अल्प आयुर्मान, रुग्णांचा लवकर मृत्यू अशी इतर कारणेही संभवतात. प्रयोगशाळेत कुरकुमिनचे परिणाम उत्साहवर्धक असले तरी ते आतड्यातून फारच कमी शोषले जाते आणि अल्झायमरच्या रुग्णांवरील लहान चाचण्यांत त्याचा लाभ दिसला नाही. वरणातील हळद स्वयंपाकासाठी उत्तम आहे. तिच्याकडून औषधाची अपेक्षा करू नये.

चिनी परंपरेतील गिंको या वृक्षाच्या पानांच्या अर्काची परीक्षा अधिक कठोरपणे झाली. अमेरिकेत ७५ वर्षे व त्यावरील ३,०६९ व्यक्तींना अनेक वर्षे हा अर्क किंवा तसेच दिसणारे निष्प्रभ औषध देण्यात आले. २००८ साली जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार अर्काने स्मृतिभ्रंश टळला नाही. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना गिंकोमुळे रक्तस्रावाचा धोका संभवतो. खोबरेल तेलाच्या दाव्यांना भक्कम आधार नाही.

योग व व्यायाम

नागपुरात योगाची परंपरा रुजलेली आहे. रामनगर येथील जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाचे विनामूल्य वर्ग शहराच्या अनेक वस्त्यांत चालत आले असून त्यांत ज्येष्ठांची उपस्थिती मोठी असते. अशा वर्गांत आसनांइतकीच मोलाची गोष्ट म्हणजे रोज ठरलेल्या वेळी घराबाहेर पडणे आणि चार माणसांत मिसळणे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने वृद्धाश्रमांतील रहिवाशांवर केलेल्या अभ्यासात योगामुळे झोप व जीवनमान सुधारल्याचे दिसले. ते रहिवासी मात्र स्मृतिभ्रंशाचे रुग्ण नव्हते.

व्यायामाने शरीर, मन:स्थिती व तोल सुधारतो, यात शंका नाही. परंतु रोग सुरू झाल्यानंतर कठोर व्यायामाने बुद्धीची घसरण थांबते का, हे इंग्लंडमध्ये ४९४ रुग्णांवर तपासले असता २०१८ साली उत्तर नकारार्थी आले; रुग्णांची शारीरिक क्षमता वाढली, पण बुद्धीची घसरण मंदावली नाही. त्यामुळे रुग्णाला चालायला न्यावे ते त्याला बरे वाटते, भूक लागते आणि रात्री झोप येते म्हणून.

संगीत, आठवणी आणि गट-उपक्रम

औषधेतर उपायांत सर्वाधिक समाधानकारक परिणाम याच गटात दिसतात. कोक्रेन या संस्थेच्या २०१८ सालच्या आढाव्यानुसार संगीतावर आधारित उपक्रमांनी रुग्णांतील नैराश्याची लक्षणे घटतात आणि वर्तनाच्या एकूण समस्याही काहीशा कमी होऊ शकतात. स्मरणशक्तीवर मात्र विशेष परिणाम दिसत नाही. ओळखीच्या सुरांची स्मृती इतर स्मृतींच्या मानाने उशिरापर्यंत टिकते, म्हणून नातवाचे नाव न आठवणारी आजी भजनाचे कडवे न चुकता म्हणू शकते. संगीत कोणते हवे, हे रुग्णाच्या पूर्वायुष्यावर ठरते. 'रोगनिवारक राग' म्हणून विकल्या जाणाऱ्या ध्वनिफितींपेक्षा राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरीच्या ठेक्यावरील भजने, जात्यावरच्या ओव्या, भीमगीते, जुनी नाट्यपदे किंवा आकाशवाणी नागपूरवर तरुणपणी ऐकलेली चित्रपटगीते विदर्भातील वृद्धाला अधिक जवळची असतात. कव्वालीच्या बैठकी ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला बासरीची शांत धून लावून देण्यात अर्थ नाही.

आठवणींवर आधारित उपक्रमांत जुने फोटो, वस्तू, वास व चवी यांच्या साहाय्याने रुग्णाला बोलते केले जाते. दूरच्या आठवणी अलीकडच्या आठवणींपेक्षा अधिक काळ टिकतात, हे त्यामागील तत्त्व. नागपूरच्या ज्येष्ठांसाठी अशी सामग्री विपुल आहे: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी काळी व पिवळी मारबत आणि बडग्ये, तान्ह्या पोळ्यातील लाकडी बैल, १८७७ साली सुरू झालेल्या व आता बंद पडलेल्या एम्प्रेस मिलचा भोंगा, महाराजबाग, शहर मध्य प्रदेशाची राजधानी असतानाचे दिवस, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर लोटलेला जनसागर. त्या दिवशी वडिलांच्या खांद्यावर बसून गेलेले मूल आज सत्तरीपलीकडे आहे. जुनी आठवण प्रत्येक वेळी सुखद असतेच असे नाही. दुष्काळ, दंगल, अपत्याचा मृत्यू यांच्याही आठवणी याच वाटेने वर येतात, आणि सोबत बसणाऱ्याने त्यासाठी तयार असावे लागते.

या दोहोंहून अधिक शिस्तबद्ध पद्धती म्हणजे बोधात्मक उद्दीपन. इंग्लंडमध्ये विकसित झालेल्या या पद्धतीत सौम्य ते मध्यम अवस्थेतील पाच ते आठ रुग्णांचा गट आठवड्यातून दोनदा, सुमारे पाऊण तास, असा सात आठवडे जमतो. एकूण चौदा बैठका होतात. बालपण, खाद्यपदार्थ, बातम्या, आवाज ओळखणे, अंकांचे खेळ असे विषय असतात. 'आज वार कोणता?' अशी परीक्षा न घेता 'तुम्हाला काय वाटते?' असे मत विचारायचे, हे तिचे मर्म. या पद्धतीने बुद्धीच्या चाचण्यांत लहान पण खरा लाभ होतो, असे आढाव्यांत दिसून आले असून ब्रिटनच्या अधिकृत मार्गदर्शक तत्त्वांत तिची शिफारस आहे. चेन्नईतील स्किझोफ्रेनिया रिसर्च फाउंडेशन या संस्थेने तिचे भारतीय परिस्थितीत रूपांतर केले आहे. शब्दकोडी व मोबाइलवरील 'मेंदूचे खेळ' ही तिची जागा घेऊ शकत नाहीत. माणसांचा गट हाच तिचा गाभा आहे.

गोव्यातील प्रयोग

महाराष्ट्राच्या शेजारी, गोव्यात, झालेला एक प्रयोग या विषयात जगभर उल्लेखिला जातो. त्याची पार्श्वभूमी '१०/६६' या संशोधनगटाची आहे. स्मृतिभ्रंशाचे ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत राहतात, पण त्यांच्यावरील लोकसंख्याधारित संशोधन एकूण संशोधनाच्या १० टक्क्यांहून कमी आहे, या विषमतेवरून गटाने हे नाव घेतले. गोव्यातील आधीच्या अभ्यासात दिसले होते की, ही लक्षणे लोक ओळखतात, परंतु त्यांना आजार मानत नाहीत. ते ती म्हातारपणाची, किंवा मुलांनी प्रेम न दिल्याची फळे समजतात. त्यामुळे रुग्णाला उपचार मिळत नाहीत आणि घरच्यांच्या वाट्याला सहानुभूतीऐवजी दोष येतो.

डॉ. अमित डायस व सहकाऱ्यांनी दोन तालुक्यांतील ८१ कुटुंबे निवडून त्यांचे चिठ्ठीपद्धतीने दोन गट केले. एका गटाकडे 'गृहसेवा सल्लागार' जात. हे सल्लागार डॉक्टर किंवा परिचारिका नव्हते. स्थानिक भाषा जाणणाऱ्या सामान्य शिक्षित व्यक्तींना आठवडाभराचे प्रशिक्षण देऊन त्यांना तयार केले होते. सहा महिन्यांपर्यंत, साधारण पंधरवड्यातून एकदा तरी, ते घरी जात. रोग म्हणजे काय हे समजावत, रात्री उठून फिरणे, संशय घेणे, अंघोळीला नकार देणे अशा प्रसंगी काय करावे ते सांगत, सरकारी योजनांची माहिती देत, इतर कुटुंबांशी गाठ घालून देत आणि गरज पडल्यास मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवत.

२००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत काळजी घेणाऱ्यांचे मानसिक आरोग्य स्पष्टपणे सुधारल्याचे आणि रुग्णाच्या वर्तनामुळे त्यांना होणारा त्रास घटल्याचे दिसले. रुग्णांच्या वर्तनात व कार्यक्षमतेत दिसलेला फरक मात्र संख्याशास्त्रीय कसोटीवर निर्णायक ठरला नाही. प्रयोगाच्या काळात १८ रुग्ण मरण पावले. यावरून हे रुग्ण किती वृद्ध व दुर्बळ होते याची कल्पना येते.

या प्रयोगात एकही नवी वनस्पती, यंत्र किंवा महागडे औषध नव्हते. उपचाराचा रोख रुग्णासोबत राहणाऱ्या व्यक्तीवर होता, आणि ती व्यक्ती भारतात बहुधा पत्नी, सून किंवा मुलगी असते. 'समग्र उपचार' या शब्दाला एवढ्या नेमक्या अर्थाने पात्र ठरणारी उदाहरणे थोडी आहेत.

घर, दिनक्रम आणि नागपूरचा उन्हाळा

घराची मांडणी वारंवार न बदलणे, रात्री स्वच्छतागृहाकडे जाणारा मंद दिवा, मोठ्या अंकांचे घड्याळ व दिनदर्शिका, ठरलेल्या वेळी जेवण, एका वेळी एकच सूचना आणि वाद टाळणे हे उपाय बिनखर्चाचे असून औषधांइतकेच आवश्यक मानले जातात. रुग्ण 'मला घरी जायचे आहे' असे स्वतःच्याच घरात म्हणू लागतो, तेव्हा 'हेच घर आहे' हे पटवण्यापेक्षा त्या घराविषयी विचारणे अधिक शांतता देते.

नागपुरात यात उन्हाळ्याची भर पडते. शहरात मे २०१३ मध्ये ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला तहान जाणवत नाही किंवा सांगता येत नाही, तो उन्हातही स्वेटर काढत नाही, आणि त्याला दिल्या जाणाऱ्या काही औषधांनी घाम कमी येतो. शरीरातील पाणी घटले की एक-दोन दिवसांत तीव्र संभ्रमावस्था निर्माण होते: रुग्ण अचानक बरळतो, ओळखेनासा होतो, सुस्त पडतो. रोगच वाढला असे समजून कुटुंब वाट पाहते, तेथे प्राणावर बेतू शकते. अचानक आलेला बदल हा नेहमीच तातडीने डॉक्टरांना दाखवण्याचा विषय असतो. ताक, पन्हे, पातळ वरण ठरावीक वेळाने समोर ठेवावे. 'पाणी हवे का?' असे विचारले तर उत्तर बहुधा 'नको' असेच येते. डेझर्ट कूलरही लक्षपूर्वक हाताळावा लागतो. त्यात पाणी भरताना विजेचा धक्का बसण्याच्या घटना या भागात नव्या नाहीत, आणि रुग्णाला त्या धोक्याचे भान नसते. दुपारी दार उघडे राहून रुग्ण बाहेर पडल्यास खिशात नाव व दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असणे उपयोगी पडते.

प्रतिबंध

रोग होण्याआधीच्या काळात समग्र दृष्टीला अधिक वाव आहे. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या, धोका अधिक असलेल्या १,२६० व्यक्तींना दोन वर्षे आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाब-साखरेवर देखरेख असा एकत्रित कार्यक्रम दिल्यावर बुद्धीच्या चाचण्यांत माफक लाभ दिसल्याचे २०१५ साली जाहीर झाले. 'लॅन्सेट' नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली १४ टाळता येण्याजोगे घटक सांगितले आणि ते सर्व दूर झाल्यास सुमारे ४५ टक्के रुग्णसंख्या टळू वा लांबू शकेल, असा अंदाज दिला. त्यांत अल्पशिक्षण, बहिरेपणा, दृष्टिदोष, रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, धूम्रपान, अतिमद्यपान, नैराश्य, एकटेपणा, डोक्याची इजा, व्यायामाचा अभाव व वायुप्रदूषण येतात. विदर्भातील खर्रा या यादीत थेट नाही, कारण ती धूम्रपानाविषयी आहे. म्हणून तो निर्दोष ठरत नाही. कानाचे यंत्र आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांना कोणी 'समग्र उपचार' म्हणत नाही, पण पुराव्याच्या दृष्टीने त्यांचे स्थान ब्राह्मीच्या तेलाच्या बरेच वर आहे. वायुप्रदूषणाचा घटक मात्र व्यक्तीच्या हाती नाही. शहराच्या उत्तरेस कोराडी व खापरखेडा येथे औष्णिक वीज केंद्रे आहेत, आणि प्राणायामाने हवा शुद्ध होत नाही.

जाहिराती, कायदा आणि मदत

औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ याच्या अनुसूचीत मेंदूच्या विकारांचा समावेश असल्याने ते बरे करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना मनाई आहे. तरीही 'नव्वद दिवसांत स्मरणशक्ती परत' अशा जाहिराती आढळतात. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, गॅलँटामिन व मेमँटिन ही डॉक्टरांची प्रचलित औषधेही लक्षणांत थोडा आणि काही काळापुरता फरक करतात. लेकानेमॅबसारखी नवी औषधे सुरुवातीच्या अवस्थेतील अल्झायमरची गती काहीशी मंदावतात, परंतु ती महाग असून त्यांमुळे मेंदूला सूज वा रक्तस्राव होण्याचा धोका असतो. कोणत्याही पद्धतीचा चिकित्सक पूर्ण बरे करण्याची हमी देत असेल, तर ती हमीच संशयास्पद समजावी.

अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ साली केरळात स्थापन झाली असून कुटुंबांना मार्गदर्शन करते. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी, तर मानसिक आरोग्यासाठी १४४१६ ही टेलि-मानस सेवा उपलब्ध आहे. काळजी घेणारी व्यक्ती स्वतःसाठीही या सेवेवर बोलू शकते.

चित्रपटातील चित्रण

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर दिग्दर्शित 'अस्तु' (२०१३) या मराठी चित्रपटात मोहन आगाशे यांनी अल्झायमर झालेले संस्कृतचे विद्वान चक्रपाणी शास्त्री ही भूमिका केली आहे. रस्त्यात दिसलेल्या हत्तीच्या मागे शास्त्री भान हरपून निघून जातात, आणि माहुताची पत्नी, जिला त्यांची विद्वत्ता वा नाव ठाऊक नाही, त्यांना लहान मुलासारखे सांभाळते. या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना साहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मुलीची भूमिका इरावती हर्षे यांनी केली असून वडिलांवरील प्रेम आणि सांभाळण्याचा थकवा यांतील तिची ओढाताण चित्रपटात सविस्तर येते. आगाशे हे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत.